जपानी घरातले शब्द आणि सण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



जपानविषयी बोलायचे म्हटले म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा आधीच ठरलेली असते. वाऱ्यासारख्या धावणाऱ्या आगगाड्या, भूकंप, फुजी पर्वत आणि चेरीचा बहर! या सर्वांची चित्रे आपण पाहिलेली आहेत, आणि त्यांची माहिती माझ्यापेक्षा आपली नातवंडेच अधिक चांगली सांगतील. शिवाय पु. ल. देशपांडे यांनी 'पूर्वरंग'मध्ये जपानची सहल मराठी वाचकांना केव्हाच घडवून आणली आहे. तेव्हा मी आज आपल्याला नेणार आहे ती फक्त जपानी घराच्या उंबरठ्यापर्यंत आणि तेथून स्वयंपाकघरापर्यंत. मी तेथे जे पाहिले ते मुख्यतः तेवढेच, आणि आपल्या मंडळाला त्यातच गोडी वाटेल.

माझी मुलगी आणि जावई तोक्यो शहराच्या एदोगावा विभागात राहतात. त्यांच्याकडे मी दोन वेळा जाऊन आले. एकदा डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत आणि एकदा जुलैपासून सप्टेंबरपर्यंत. चेरीचा बहर दोन्ही खेपांना हुकला, पण त्याची खंत नाही. त्या भागात आपल्या लोकांची वस्ती मोठी आहे. निशि-कासाई स्टेशनाबाहेर घटकाभर उभे राहिले तर मराठी कानावर पडते. २०१९ साली याच एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हे मराठीच. त्यामुळे परदेशात एकटे पडल्यासारखे मला वाटले नाही. मात्र दुपारी घरात मी आणि माझी सात वर्षांची नात दोघीच असायचो. जी काही जपानी भाषा मला आली ती त्या मास्तरणीने शिकवलेली.

'का'ला 'का'च

पहिल्या दिवशी तिने मला त्यांची मुळाक्षरे म्हणून दाखवली. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी म्हटले, "अगं, ही तर आपलीच!" आणि ते काही अंशी खरे आहे. बौद्ध धर्माबरोबर संस्कृतची अक्षरे जपानात गेली. तेथील भिक्षूंनी ती 'सिद्धम्' लिपीत शिकली, आणि त्या अभ्यासातून जपानी अक्षरांचा हा क्रम बसला. अक्षरांची वळणे वेगळी. पण स्वर आधी, मग क-वर्गापासून पुढे, ही शिस्त आपल्याकडची.

वाक्याची ठेवणही ओळखीची. "वाताशि वा मिझु ओ नोमिमासु" म्हणजे "मी पाणी पिते." क्रियापद आपल्यासारखे शेवटी. आपण 'तोक्योला' म्हणतो तसे ते 'तोक्यो नि' म्हणतात, प्रत्यय शब्दाच्या मागे. आणि मौज म्हणजे प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावायचा. "किमासु का?" म्हणजे "येता का?" 'का'ला 'का'च! होकार हवा असला तर शेवटी 'ने' जोडतात, आपल्या 'ना'सारखा. गोल फिरण्याला आपण 'गरगर' म्हणतो, ते 'गुरुगुरु' म्हणतात. छाती आपली धडधडते, त्यांची 'दोकिदोकि' होते. पावसाचे तर विचारूच नका. थेंबथेंब पडला तर 'पोत्सुपोत्सु', संथ लागून राहिला तर 'शितोशितो', धो धो कोसळला तर 'झाझा'.

ही भाषा काही फार दूरची नाही, हे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील मुलांनी दाखवलेच आहे. आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या जिल्ह्यातील गाडीवाट या लहान गावी जिल्हा परिषदेची शाळा आहे. २०१९ साली तेथे परदेशी भाषा शिकविण्याचे ठरले, तेव्हा मुलांना विचारले, कोणती शिकता? मुलांनी जपानी निवडली; कारण त्यांना यंत्रमानवाविषयी कुतूहल होते. शेतकऱ्यांची मुले मोबाइलवरून धडे घेऊन जपानीत बोलू लागली. जालन्याहून ते गाव काही फार लांब नाही. आपल्या मुलींनीही हे मनावर घ्यावे.

उंबरठ्यावरचे शब्द

आता घरात येऊ. जपानी घरात दाराशीच थोडी खोलगट जागा असते. पायताणे तेथे काढून मग वर पाऊल टाकायचे. बाहेर जाणारा माणूस जाताना म्हणतो, "इत्तेकिमासु." याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येतो'. आतून उत्तर येते, "इत्तेराश्शाइ", म्हणजे 'जाऊन या'. हे ऐकून मला माझ्या सासूबाईंची आठवण झाली. कोणी चुकून 'जाते' म्हटले तर त्या तेथल्या तेथे थांबवीत आणि 'येते म्हण' असे सांगत. परत आल्यावर जपानी माणूस दारातून हाक देतो, "तादाइमा", म्हणजे आत्ता आलो. आतले माणूस म्हणते, "ओकाएरी", म्हणजे आलात का परत. शाळेतून येणारे पोर असो की रात्री दहाला कचेरीतून येणारा बाप असो, हे चार शब्द चुकत नाहीत.

जेवणाचेही तसेच. घास घेण्यापूर्वी हात जोडून "इतादाकिमासु", म्हणजे 'नम्रपणे ग्रहण करतो'. जेवण झाल्यावर "गोचिसोसामा". या दुसऱ्या शब्दाचा अर्थ मुलीने सांगितला तेव्हा मी तो दोनदा विचारून घेतला. त्यातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ आहे धावपळ. पाहुण्याच्या पानात चार पदार्थ पडावेत म्हणून यजमानाने जी धावाधाव केली, तिला उद्देशून हा नमस्कार. आपल्याकडे 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात. तो आशीर्वाद थोरच आहे. पण अन्नदाता म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे धान्य पिकवणारा किंवा कमावून आणणारा येतो. चुलीपुढे जी धावपळ झाली ती कोणाच्या लक्षात येत नाही. माझी नात ताट उचलताना आईकडे पाहून "गोचिसोसामा" म्हणते. हा शब्द काही जपानीच असला पाहिजे असे नाही. 'आई, छान झालं होतं' एवढे मराठीत म्हणायला आपल्या मुलांना आणि मुलांच्या वडिलांनाही शिकवता येईल.

वर्षाची फेरी

जपानने १८७३ सालापासून आपले जुने चांद्र पंचांग बाजूला ठेवले. तेव्हापासून त्यांचे नववर्ष १ जानेवारीलाच असते. पण थाट सगळा आपल्या दिवाळीचा. डिसेंबरच्या अखेरीस घराची मोठी साफसफाई. जाळी-जळमटे काढून कोपरा न् कोपरा पुसतात. ३१ डिसेंबरच्या रात्री लांब शेवयांसारखे सोबा खातात आणि बुद्धमंदिरांत घंटेचे १०८ टोल पडतात. आपल्या जपमाळेचे मणी जितके तितकेच. मुलांना लहानशा पाकिटांतून पैसे मिळतात. आपल्या ओवाळणीची आठवण व्हावी असे. एकावर एक रचलेल्या लाकडी डब्यांत सणाचे पदार्थ आधीच करून ठेवतात, म्हणजे पहिले तीन दिवस घरच्या बाईला चुलीपासून सुटका. या पदार्थांची निवड पुष्कळदा शब्दांवरून केलेली असते. आनंदणे याला 'योरोकोबु' म्हणतात, म्हणून 'कोबु' नावाची समुद्रवनस्पती हवीच. मंगल म्हणजे 'मेदेताइ', म्हणून 'ताइ' नावाचा मासा हवा. ही जालन्याची ताई मात्र शाकाहारी, म्हणून मी डाळ-तांदळाची खिचडी करून मंगल साधले!

७ जानेवारीला सात रानभाज्या घालून भाताची पेज करतात. ऋषिपंचमीची भाजी डोळ्यांपुढे आली. फेब्रुवारीच्या आरंभी 'सेत्सुबुन' येतो. घरचा पुरुष राक्षसाचा मुखवटा घालतो, मुले त्याच्यावर भाजलेले सोयाबीन फेकतात आणि ओरडतात, 'राक्षस बाहेर, सुदैव आत!' आपण 'इडापिडा टळो' म्हणतो त्याचाच हा भाऊ. नंतर आपल्या वयाइतके दाणे खायचे असतात. माझ्या वाट्याला इतके आले की दातांनी तक्रार केली.

३ मार्च हा मुलींचा सण, 'हिनामात्सुरी'. लाल कापड अंथरलेल्या पायऱ्यांवर राजा-राणी आणि त्यांचा परिवार अशा बाहुल्या मांडतात. आपण महालक्ष्म्यांपुढे जशी आरास करतो तशीच हौस. पण सण होताच बाहुल्या झटपट उचलायच्या. उशीर केला तर मुलीचे लग्न लांबते, असे म्हणतात. म्हणजे मुलीच्या लग्नाची काळजी सातासमुद्रापलीकडेही सुटत नाही!

माझ्या दुसऱ्या खेपेला पावसाळा सरत आला होता. जून-जुलैच्या या पावसाच्या नावात 'आलुबुखार' आणि 'पाऊस' अशी दोन अक्षरे आहेत. त्या सुमारास तेथील आंबट 'उमे' पिकतात. आपल्याकडे मृगाचा पाऊस, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, सासूंचा नि सुनांचा पाऊस, अशी घरगुती नावे आहेत. एके दिवशी उन्हात सर आली. नात म्हणाली, "आज्जी, कोल्ह्याचं लग्न!" मी चकित झाले, कारण जालन्यात लहानपणी आम्हीही हेच म्हणत होतो. ते तिला मी शिकवले नव्हते. ती तिच्या शाळेत शिकली होती.

७ जुलैच्या 'तानाबाता'ला आकाशातील विणकरीण आणि गुराखी वर्षातून एकदा भेटतात, अशी कथा. विणकरणीचा तारा म्हणजे आपला अभिजित आणि गुराख्याचा म्हणजे श्रवण. मुले रंगीत कागदावर मागणे लिहून बांबूच्या फांदीला बांधतात. मी लिहिले, 'जालन्याला भरपूर पाऊस पडू दे.' नात म्हणाली, "इथे नको हं. पाऊस आला तर त्यांची भेट होत नाही."

ऑगस्टच्या मध्यावर 'ओबोन' येतो. पितर चार दिवस घरी येतात, अशी श्रद्धा. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय करतात. पितरांनी येताना घोड्यावरून लवकर यावे आणि जाताना गाईवरून सावकाश जावे. सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा 'हिगान', म्हणजे पैलतीर. त्या आठवड्यात पूर्वजांच्या समाधीवर जाऊन लाल चवळीसारख्या दाण्यांच्या गोड पुरणात लपेटलेले भाताचे गोळे वाहतात. एकाच पदार्थाला वसंतात 'बोतामोचि' म्हणतात आणि शरदात 'ओहागि', कारण त्या त्या ऋतूत ती ती फुले फुलतात. पुरण एक, नावे दोन.

शुभ शब्द आणि बोचरे शब्द

आता ज्यासाठी मी आज उभी राहिले, तेथे येते.

जपानी लोक शुभप्रसंगी शब्द फार जपून वापरतात. लग्नात 'कापणे', 'तुटणे', 'परतणे' हे शब्द उच्चारत नाहीत. केक कापायचा तर 'सुरी आत ठेवली' म्हणतात. समारंभ संपला असे न म्हणता 'उघडला' म्हणतात. आहेराची रक्कम विषम आकड्याची, कारण समसंख्येचे दोन भाग पडतात. नोटा कोऱ्या हव्यात. आपण १०१ किंवा ५०१ देतो त्यामागची भावना याहून काय वेगळी? आपला दुकानदार दुकान 'बंद' करीत नाही, 'वाढवतो'. नारळ फोडत नाही, 'वाढवतो'. बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतो. किती कोवळे मन आहे हे! काचेच्या तुकड्यालासुद्धा 'फुटला' म्हणून दुखवायचे नाही.

पण याच दोन्ही भाषांत काही शब्द असे आहेत की ऐकून वाईट वाटते. जपानी स्त्री नवऱ्याला परक्यापुढे 'शुजिन' म्हणत आली आहे. त्याचा अर्थ मालक. आपल्या गावाकडे दुसरे काय म्हणतात? नवरा बायकोला 'कानाइ' म्हणे, म्हणजे 'घराच्या आतली'. आपली 'घरची मंडळी' तीच. तरुण पिढी आता हे शब्द सोडू लागली आहे. पण तेथील कायद्याप्रमाणे नवरा-बायकोचे आडनाव एकच असावे लागते, आणि १०० जोडप्यांपैकी सुमारे ९५ जोडप्यांत ते बायकोच बदलते. २०१५ आणि २०२१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा कायम ठेवला. आपल्याकडे असा कायदा नाही, तरी रीत आहेच. तेव्हा जपानी घर म्हणजे स्वर्ग, असे मी सांगत नाही.

सर्वांत बोचरा शब्द विधवेसाठी आहे. 'मिबोजिन'. त्याची अक्षरे फोडली तर अर्थ होतो, 'अद्याप न मेलेली'. नवरा गेला, ही मात्र अजून उरली आहे! तेथील वर्तमानपत्रे आता हा शब्द टाळतात.

आमच्या मजल्यावर शेजारी एक वृद्ध बाई राहत. यजमान जाऊन तीन वर्षे झालेली. जपानात घरात मृत्यू झाला की पुढच्या नववर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाहीत. तसे कळविणारे पत्र आधीच जाते. हा दुखवटा साधारण वर्षाचा, आणि तो विधवेला, मुलाला, मुलीला सारखाच. वर्ष सरले की संपला. त्या बाईंनी ओबोनला यजमानांसाठी काकडीचा घोडा केला, मला चहाला बोलावले आणि पुढच्याच आठवड्यात त्या विभागाच्या नाचात नवी निळी युकाता नेसून सर्वांच्या पुढे नाचल्या. कोणी मान वळवून पाहिले नाही. शब्द त्यांच्याकडे वाईट होता. पण वागणे त्यांनी सुधारून घेतले होते.

आणि आपल्याकडे? शब्द इतका गोड की बांगडी 'वाढते'. पण नवरा गेल्यावर त्याच बांगड्या बाईच्या हातावर दगडाने फोडल्या जातात. मैत्रिणींनो, मी हे ऐकीव सांगत नाही. माझ्या नावामागे सहा वर्षांपासून 'श्रीमती' लागले आहे. त्या आधी पंचवीस वर्षे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे पहिले बोलावणे ज्या गल्लीत मला येत असे, तेथून नंतर आले नाही. यात कोणा एकीचा दोष मी धरीत नाही. बोलावणाऱ्या बाईला मला दुखवायचे नव्हते, रीत मोडायचे भय होते. पण रीत आपणच चालवतो, आपणच थांबवू शकतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या चाली बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना तसेच करण्याचे आवाहन केले. तेव्हा आपण काही जगावेगळे करणार नाही. एक गाव आपल्या पुढे चालून गेले आहे.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, पुढच्या संक्रांतीला आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाचे बोलावणे गल्लीतल्या प्रत्येक बाईला जावे, आणि दाराशी 'तुम्ही चालाल का?' असा प्रश्न न विचारता सर्वांना एकच वाण, एकच तिळगूळ द्यावा. ज्यांना कुंकू लावून घ्यायचे त्यांनी घ्यावे, ज्यांना नको त्यांनी नुसते फूल घ्यावे. बसायला मात्र सर्वजणी एकाच सतरंजीवर. दुसरी सूचना स्मरणिकेपुरती. सभासदांच्या यादीत 'सौ.' आणि 'श्रीमती' अशा दोन रांगा असतात. या वेळी प्रत्येकीचे नाव, तिला जसे हवे तसे, नुसते छापावे.

यासाठी जपानला जाण्याची काही गरज नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण पुष्कळदा दुसऱ्याच्या उंबरठ्यावर उभे राहिले म्हणजे आपले घर नीट दिसते. 'येते' म्हणायला लावणारी, काचेलाही 'फुटली' न म्हणणारी आपली भाषा मुळात दयाळू आहे. तिची ती दया माणसांपर्यंत पोहोचवणे एवढेच आपल्याला करायचे आहे.

 ज्यांनी मघापासून आत चहा-फराळाची धावपळ चालविली आहे, त्या भगिनींना एक "गोचिसोसामा" सांगून मी माझे भाषण संपवते, चुकले, 'वाढवते'!